काच, ऊन आणि खिडकी : पिंपरी-चिंचवड पट्ट्यातील उष्णतारोधक काचेचा आढावा

इमारतीच्या बाह्य आवरणात भिंत, छप्पर आणि खिडकी हे तीन घटक येतात, आणि त्यांपैकी खिडकीकडून सर्वांत जास्त, तीही परस्परविरोधी, कामे अपेक्षिली जातात. उजेड आत यावा पण ऊन येऊ नये, वारा यावा पण धूळ आणि डास येऊ नयेत, रस्ता दिसावा पण त्याचा आवाज ऐकू येऊ नये, अशी ही मागणी असते. मुळा आणि पवना या नद्यांच्या संगमाजवळ वसलेली सांगवी, तिच्या लगतचे पिंपळे गुरव आणि पिंपळे सौदागर, पलीकडे हिंजवडीचे माहिती-तंत्रज्ञान उद्यान आणि उत्तरेला भोसरी ते चाकण हा कारखान्यांचा पट्टा, या सर्व भागांत गेल्या दोन-अडीच दशकांत बांधकाम झपाट्याने वाढले आणि त्याबरोबर दर्शनी भागातील काचेचे प्रमाणही वाढले. या मागणीवरचा उपाय म्हणून दुहेरी काच, म्हणजे व्यवहारात ‘डीजीयू’ किंवा ‘डबल ग्लेझिंग’ या नावाने विकले जाणारे उष्णतारोधक संच, पुढे आले. हे संच नेमके काय थांबवतात, काय थांबवू शकत नाहीत आणि दख्खनच्या पठारावरील या भागात त्यांवर केलेला खर्च कुठे सार्थकी लागतो, याचा विचार येथे करावयाचा आहे.

खिडकीतून उष्णता तीन वाटांनी आत येते. पहिली वाट वहनाची : बाहेरची हवा आतल्या हवेपेक्षा तापलेली असली की काच आणि चौकट यांच्यातून उष्णता झिरपते, आणि हे झिरपणे ‘यू-मूल्य’ या राशीने मोजतात. दर चौरस मीटर क्षेत्रातून, दर एक अंश तापमानफरकाला किती वॅट उष्णता जाते, ते यू-मूल्य सांगते. ते जितके कमी तितका रोध जास्त. दुसरी वाट थेट उन्हाची आहे. काचेवर पडलेल्या सौर उष्णतेपैकी किती अंश शेवटी खोलीत पोहोचतो, हे ‘सौर उष्णता गुणांक’ दाखवतो आणि तो शून्य ते एक या दरम्यान असतो. तिसरी वाट फटींची, म्हणजे चौकट आणि झडप यांमधून शिरणाऱ्या हवेची. यांच्या जोडीला ‘दृश्य प्रकाश पारगमन’ ही चौथी राशी लक्षात ठेवावी लागते, कारण उष्णता अडवणारी काच उजेडही अडवत असेल आणि त्यामुळे भर दुपारी दिवे लावावे लागत असतील, तर एका हाताने वाचवलेली वीज दुसऱ्या हाताने खर्च होते.

सूर्याच्या ऊर्जेचा ढोबळमानाने निम्मा भाग डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांचा असतो. साधी काच या जवळच्या अवरक्त किरणांना बहुतांशी आत सोडते. मात्र त्यांनी तापलेली फरशी, पलंग आणि भिंती जे दीर्घ लांबीचे उष्णताकिरण परत फेकतात, त्यांना ती बाहेर जाऊ देत नाही. संध्याकाळी ऊन सरल्यावरही पश्चिमेची खोली तापलेलीच का राहते, याचे अर्धे उत्तर यात आहे आणि उरलेले अर्धे भिंतीने दिवसभर साठवलेल्या उष्णतेत.

दुहेरी काचेचा जन्म थंडीच्या प्रश्नातून झाला. अमेरिकेत टी. डी. स्टेटसन यांनी १८६५ मध्ये दोन काचांमध्ये हवेची पोकळी बंद करण्याच्या कल्पनेचे पेटंट घेतले; पुढे १९३०च्या दशकात सी. डी. हेवन यांच्या रचनेतून ‘थर्मोपेन’ हे व्यापारी उत्पादन उभे राहिले. अलास्टेअर पिल्किंग्टन यांची वितळलेल्या कथिलावर काच तरंगवून सपाट करण्याची पद्धत १९५९ मध्ये जाहीर झाली आणि मोठ्या आकाराची, लहरी नसलेली ‘फ्लोट’ काच स्वस्त झाली. १९७३ च्या तेलसंकटानंतर इंधन वाचवण्याची निकड वाढली तेव्हा ‘लो-ई’ म्हणजे अल्प-उत्सर्जक लेपावरील संशोधनाला जोर आला आणि १९८०च्या दशकात असे लेप बाजारात रुळले. या संपूर्ण प्रवासात सोडवायचा प्रश्न एकच होता : बाहेर बर्फ असताना आतली ऊब टिकवणे. पोकळी वहन अडवते, आणि शून्याखालच्या हिवाळ्यात वहन हाच मुख्य शत्रू असतो. पुण्याच्या परिसरात जानेवारीतले किमान तापमान सरासरीने दहा-बारा अंशांच्या आसपास राहते, त्यामुळे तो शत्रू येथे दुय्यम ठरतो. ही साधी गोष्ट विक्रीच्या पत्रकांत क्वचित येते.

महाराष्ट्रातील काचधंद्याचा इतिहास मात्र या परिसराच्या अगदी शेजारचा आहे. अंताजी दामोदर काळे यांच्या कल्पनेतून, लोकांकडून वर्षाला एक पैसा जमवून उभ्या राहिलेल्या आणि लोकमान्य टिळकांचा पाठिंबा लाभलेल्या पैसा फंडाने १९०८ मध्ये तळेगाव दाभाडे येथे काचेचा कारखाना काढला आणि जपान-अमेरिकेत काचविद्या शिकून आलेल्या ईश्वरदास वार्ष्णेय यांच्या हाताखाली तेथे कारागीर तयार झाले. १९१६ मध्ये कऱ्हाडजवळ ओगले बंधूंचा कारखाना निघाला आणि त्याचा ‘प्रभाकर’ कंदील घरोघर पोहोचला. ही स्वदेशीच्या काळातली काच दिव्याची आणि भांड्याची होती. खिडकीची सपाट काच मोठ्या प्रमाणावर राज्यात होऊ लागली ती पुष्कळ उशिरा, १९९०च्या दशकात रायगड जिल्ह्यातील तळोजे येथे फ्लोट काचेचा कारखाना सुरू झाल्यावर. चाकणजवळ कुरुळी येथे सेंट-गोबेन सेक्युरिटचा कारखाना आहे, पण तो वाहनांच्या काचांचा. चाकणचा पट्टा मोटारीच्या काचेत इतका निष्णात असताना त्याच पट्ट्यातील कामगाराच्या घराची खिडकी जुन्याच पद्धतीने, गल्लीतल्या फॅब्रिकेशनच्या दुकानात बनते, ही विसंगती विचार करण्याजोगी आहे.

दुहेरी संचाची रचना जवळून पाहिली म्हणजे त्याचे बळ आणि त्याची दुबळी जागा दोन्ही कळतात. दोन काचांच्या कडेने अ‍ॅल्युमिनियमची पोकळ पट्टी, म्हणजे स्पेसर, फिरवलेली असते. तिच्या पोटात बाष्प शोषणारे बारीक दाणे भरलेले असतात आणि पोकळीकडील बाजूला तिला सूक्ष्म छिद्रे असतात, जेणेकरून पोकळीतील उरलासुरला ओलावा त्या दाण्यांत शोषला जावा. पट्टी आणि काच यांच्यामध्ये ब्युटिलचा काळा, चिकट थर पहिले बूच म्हणून असतो आणि त्याच्या बाहेरून पॉलिसल्फाइडचा किंवा सिलिकॉनचा दुसरा थर संच एकत्र धरून ठेवतो. पोकळी सामान्यतः १२ मिलिमीटरची असते. ती सोळाच्या फार पुढे नेली तर आतली हवा स्वतःच वरखाली फिरू लागते आणि रोध वाढत नाही. या रचनेचे आयुष्य काचेवर अवलंबून नसून कडेच्या या दोन बुचांवर अवलंबून असते. बूच फाटले, पावसाचे पाणी चौकटीच्या खाचेत तुंबले किंवा दाणे ओलाव्याने भरून गेले, की दोन काचांच्या मधोमध धुके धरते, जे बाहेरून पुसता येत नाही आणि आतूनही पुसता येत नाही; अख्खा संच बदलणे हाच उपाय उरतो. समुद्रसपाटीजवळ सील केलेला संच बोरघाट चढून सुमारे ५६० मीटर उंचीच्या पठारावर आला, तर बाहेरचा हवेचा दाब साधारण सहा टक्क्यांनी कमी होतो आणि संच किंचित फुगतो. आकाराने लहान आणि काचेने जाड संचांत हा ताण अधिक जाणवतो, म्हणून संच कोठे सील झाला आहे हे विचारणे गैर नाही.

आता या भागातील उन्हाकडे वळणे आवश्यक आहे, कारण निर्णय तेथे होतो. पुण्याचा अक्षांश सुमारे साडेअठरा अंश उत्तर असल्यामुळे मे महिन्याच्या मध्यावर आणि जुलैच्या अखेरीस माध्यान्हीचा सूर्य थेट डोक्यावर येतो. दक्षिणेकडील १२० सेंटिमीटर उंचीच्या खिडकीला, तिच्या वरच्या कडेलगत ४५ सेंटिमीटरचा छज्जा असेल आणि तो दोन्ही बाजूंना पुरेसा लांब असेल, तर विषुवदिनी त्याची सावली सुमारे १३४ सेंटिमीटर खाली उतरते, म्हणजे संपूर्ण खिडकी दिवसभर सावलीत राहते. डिसेंबरच्या माध्यान्ही मात्र तीच सावली ५० सेंटिमीटरवर थांबते आणि हवेहवेसे ऊन आत येते. एवढ्या साध्या सिमेंटच्या फळीइतके ऋतू ओळखणारे दुसरे साधन नाही. पश्चिमेला हेच गणित पूर्ण उलटते. मे महिन्यात घड्याळी साडेचारच्या सुमारास सूर्य क्षितिजापासून सुमारे ३३ अंशांवर असतो आणि तोच छज्जा खिडकीचा फक्त वरचा ३० सेंटिमीटरचा पट्टा झाकतो. साडेपाचला जेमतेम १६. म्हणून पश्चिमेच्या खिडकीला आडवी नव्हे, तर उभी किंवा हलती सावली लागते : उभ्या पट्ट्या, जाळी, बाहेरून सोडलेला चिकाचा पडदा किंवा झाड.

आकडे मांडून पाहिले तर मुद्दा अधिक उघड होतो. पश्चिमेची दीड मीटर रुंद आणि १.२ मीटर उंच, म्हणजे १.८ चौरस मीटरची खिडकी घेतली, तिच्यावर दर चौरस मीटरला ५०० वॅट ऊन धरले आणि बाहेर ३८ तर आत २८ अंश तापमान मानले, तर साध्या सहा मिलिमीटर काचेतून (यू-मूल्य ५.८, सौर उष्णता गुणांक ०.८२) उन्हाची सुमारे ७३८ वॅट आणि वहनाची सुमारे १०४ वॅट उष्णता आत येते. एकूण ८४२ वॅट, म्हणजे एक टन क्षमतेच्या वातानुकूलन यंत्राचा जवळपास चौथा हिस्सा एका खिडकीने खाल्ला. तेथे साध्याच दोन काचांचा संच (२.८ आणि ०.७०) बसवला तर बेरीज ६८० वॅट होते, खर्च दुपटीहून अधिक आणि उष्णता सुमारे एक पंचमांशानेच कमी. ऊन परतवणारा लो-ई लेप असलेला दुहेरी संच (१.७ आणि ०.२८) ही बेरीज २८३ वॅटवर आणतो. आणि जुनीच साधी काच ठेवून बाहेरून तीन चतुर्थांश ऊन अडवले, तर आकडा येतो २८९. लेपाच्या महागड्या संचाने जे साधले ते बांबूच्या चिकाने किंवा पट्ट्यांनी जवळजवळ साधले, इतकेच नव्हे तर खिडकी उघडी ठेवूनही साधले. आतून लावलेल्या पडद्याने हे होत नाही, कारण तोपर्यंत ऊन काच ओलांडून खोलीत आलेले असते.

हा निष्कर्ष सरकारी संहितेतही गणिताच्या रूपात दडलेला आहे. ऊर्जा संवर्धन अधिनियम २००१ खाली स्थापन झालेल्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने निवासी इमारतींसाठी २०१८ मध्ये ‘इको निवास संहिता’ प्रसिद्ध केली, आणि तीत भिंती-खिडक्यांतून येणाऱ्या सरासरी उष्णतेची मर्यादा, थंड प्रदेश वगळता, दर चौरस मीटरला १५ वॅट अशी ठरवली. ती काढण्याच्या सूत्रात उष्ण-दमट विभागासाठी काचेच्या यू-मूल्याला १.३१ ने आणि सौर उष्णता गुणांकाला ६५.२१ ने गुणले जाते. समशीतोष्ण विभागासाठी हेच गुणक ०.३७ आणि ६३.६९ आहेत. साध्या काचेची मूल्ये घातली तर उष्ण-दमट विभागातही उन्हाचा वाटा वहनाच्या सातपट येतो. पुण्याच्या परिसराला यांपैकी कोणत्याही रकान्यात धरले तरी पैसा आधी ऊन अडवण्यावर लावावा असेच सूत्र सांगते, आणि छज्जा असेल तर गुणांक कमी धरण्याची सोयही देते. व्यापारी इमारतींसाठीची ऊर्जा संवर्धन इमारत संहिता २००७ मध्ये आली व २०१७ मध्ये सुधारली गेली. १०० किलोवॅट वा अधिक जोडभाराच्या इमारतींना लागू होणारी ही संहिता दर्शनी भागातील काचेचे प्रमाण ४० टक्क्यांवर रोखते. तिची यू-मूल्याची ३.० ही मर्यादा साधी एकेरी काच गाठू शकत नाही, त्यामुळे हिंजवडीसारख्या ठिकाणच्या, दिवसभर यंत्राने थंड ठेवाव्या लागणाऱ्या कचेऱ्यांत दुहेरी संच जवळजवळ अटळ होतो, आणि तेथे तो योग्यही आहे. अधिनियमाच्या २०२२ च्या दुरुस्तीने मोठ्या निवासी इमारतींनाही कायद्याच्या कक्षेत आणण्याची वाट मोकळी केली. पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेने ‘गृह’ हे हरित मानांकन मिळवणाऱ्या इमारतींना विकासक आणि मिळकतधारक अशा दोघांसाठी सवलती देण्याचे धोरण देशात लवकर स्वीकारले, ही या शहराची खरी मिळकत होय.

तथापि इको निवास संहिता ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडांवरील बांधकामांसाठी आहे. एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. म्हणजे पाच गुंठ्यांच्या आतले घर तिच्या नजरेतून निसटते. जुन्या सांगवीच्या गावठाणात आणि गुंठा-दोन गुंठ्यांच्या भूखंडांवर उभ्या राहिलेल्या तीन-चार मजली घरांत, म्हणजे ज्यांना यंत्राची थंडी परवडत नाही अशा कुटुंबांच्या घरांत, खिडकीचा विचार कोणत्याही संहितेने केलेला नाही. तेथील प्रश्नही वेगळा आहे. समोरची भिंत हाताच्या अंतरावर असल्याने खालच्या मजल्यांना ऊन लागतच नाही, उजेड आणि वारा यांची मात्र टंचाई असते. अशा खिडकीला काळसर किंवा आरसेदार काच बसवणे म्हणजे दिवसा रात्र ओढवून घेणे होय. वरच्या मजल्यावर पश्चिमेला मात्र तीच इमारत मार्च ते मे भट्टीसारखी तापते. एकाच घरात दोन वेगळ्या काचा, मजल्यानुसार आणि दिशेनुसार, लागतात. बांधणारे मात्र सोयीसाठी सगळीकडे एकच बसवतात.

सावली आधी आणि काच नंतर हा क्रम या भूमीला नवा नाही. पुण्यातील वाड्यांच्या जाड भिंती, खोल कोनाड्यात बसवलेल्या लहान खिडक्या, मधला चौक आणि खडकी-दापोडीच्या लष्करी बंगल्यांचे रुंद व्हरांडे, उंच छत आणि उन्हाळ्यात पाणी शिंपडलेले वाळ्याचे पडदे, ही सर्व ऊन भिंतीपर्यंत पोहोचण्याआधीच अडवण्याची साधने होती. आधुनिक काळात ख्रिस्तोफर बेनिंजर यांनी हडपसर येथे सुझलॉन कंपनीसाठी रचलेल्या ‘वन अर्थ’ या संकुलात काचेच्या बाहेर अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्यांचे दुसरे आवरण दिलेले आहे. काच आहे, पण ती सावलीत आहे. वाड्याच्या खोल खिडकीचीच ती पुढची पिढी म्हणता येईल.

दुहेरी काचेच्या बाजूने दोन गोष्टी स्पष्टपणे सांगितल्या पाहिजेत. पहिली आवाजाची. महामार्गालगतच्या किंवा रात्रंदिवस कंटेनरची वर्दळ असलेल्या पुणे-नाशिक रस्त्याकाठच्या घरात झोप हेच मोठे सुख असते, आणि तेथे दुहेरी संच उपयोगी पडतो; मात्र दोन्ही काचा समान जाडीच्या असतील तर त्या एकाच स्वरात कंप पावतात, म्हणून एक जाड व एक पातळ घ्यावी, आणि त्यांतली एक मधे प्लास्टिकचा थर असलेली लॅमिनेटेड असेल तर उत्तम. दुसरी गोष्ट धुळीची. कारखान्यांच्या आणि चालू बांधकामांच्या शेजारी खिडकी बंद ठेवणे भाग पडते, आणि बंद खोलीत यंत्र लावायचेच असेल तर घट्ट झडप आणि रोधक काच वीज वाचवते. पण रात्री पठारावरचा वारा थंड होतो, एप्रिलमध्ये दुपार ३८ अंशांची असली तरी पहाट विशीच्या घरात येते, आणि हा दिवसरात्रीचा फरक फुकट मिळणारे वातानुकूलन आहे. ते घेण्यासाठी खिडकी उघडता आली पाहिजे. इको निवास संहितेने घराच्या चटईक्षेत्राच्या तुलनेत उघडता येणाऱ्या भागाचे किमान प्रमाण, उष्ण-दमट विभागात १६.६६ टक्के, ठरवले आहे ते याचसाठी.

उघडण्याचा प्रश्न चौकटीपाशी येऊन थांबतो. या भागात सर्वत्र दिसणारी ‘थ्री-ट्रॅक’ सरकती खिडकी, म्हणजे दोन काचेच्या झडपा आणि एक मच्छरजाळी, कितीही मोठी असली तरी निम्मीच उघडते, आणि जाळीमागे वारा आणखी मंदावतो. बिजागरीवर फिरणारी झडप पूर्ण उघडते आणि बंद केल्यावर रबरावर घट्ट बसते, पण तिला बाहेर जागा लागते आणि पावसापासून आडोसा लागतो. छज्जे कापून टाकलेल्या इमारतीत तो आडोसा नसतो. अ‍ॅल्युमिनियम हा उष्णतेचा उत्तम वाहक असल्याने दुहेरी काच साध्या अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटीत बसवली तर काचेने अडवलेली काही उष्णता चौकटीतून शिरते. म्हणून मधे पॉलिअमाइडची पट्टी घातलेली चौकट किंवा यूपीव्हीसीची चौकट अधिक सुसंगत ठरते. रंगीत काच उष्णता शोषते, स्वतः तापते आणि मग आतही ती फेकते. हात लावला तरी हे कळते. अशा काचेचा अर्धा भाग सावलीत आणि अर्धा उन्हात राहिला तर ताणाने तडा जाण्याचा धोका असतो, त्यामुळे ती टफन्ड असावी. पूर्ण बंद काचेरी दर्शनी भागाचा आणखी एक धोका अंधेरीतील एका उंच इमारतीला जुलै २०१४ मध्ये लागलेल्या आगीने दाखवला : धूर कोंडला की बचावपथकाला आत शिरणे कठीण होते, आणि उघडणारी खिडकी अशा वेळी जीव वाचवते.

जेथे लेपाची दुहेरी काच खरोखर हवी, म्हणजे बाहेर सावली करणे अशक्य असलेल्या पश्चिमेच्या वरच्या मजल्यावर, कचेरीत, इस्पितळात किंवा रस्त्यालगतच्या शयनगृहात, तेथे शेवटचा घोटाळा बसवताना होतो. बाहेरून मोजत गेल्यास दोन काचांचे चार पृष्ठभाग होतात आणि ऊन परतवणारा लेप दुसऱ्या पृष्ठभागावर, म्हणजे बाहेरच्या काचेच्या पोकळीकडील अंगावर असावा लागतो. संच उलटा बसला तर लेप तिसऱ्या पृष्ठभागावर येतो. यू-मूल्य तेच राहते, काच तशीच दिसते, पण लेपाने शोषलेली उष्णता बाहेरऐवजी खोलीकडे वळते आणि सौर उष्णता गुणांक वाढतो. गिऱ्हाइकाने पैसे मोजलेले असतात ते नेमके या गुणांकाचे. हे तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. संध्याकाळी अंधार पडू लागला की बाहेरच्या बाजूने पेटती काडी किंवा मेणबत्ती काचेजवळ तिरकी धरावी. काचेत एकामागे एक चार ज्योती दिसतात आणि त्यांतल्या एकीचा रंग इतरांहून वेगळा असतो. वेगळी ज्योत बाहेरून दुसरी असेल तर संच सुलट आहे. तिसरी असेल तर सिलिकॉन भरण्यापूर्वीच फॅब्रिकेटरला थांबवून संच फिरवून घ्यावा लागतो.